वडिलांच्या संगणकाला अँटिव्हायरस विकत घ्यावा, की विंडोजमधला पुरेसा आहे?

कृष्णाकाठ (धागाकर्ते)

माझे वडील वाईला एकटेच राहतात. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षे झाली आणि सध्या ते आमच्या घराण्याचा व गावाचा इतिहास लिहीत आहेत. त्यासाठी जमवलेल्या मोडी कागदांचे स्कॅन, जुने फोटो आणि त्यांनी स्वतः टंकलेले सारे लिखाण एकाच संगणकावर आहे. संगणक २०१६ सालचा, आय-थ्री प्रोसेसरचा, ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क असलेला असून त्यावर विंडोज १० आहे. याखेरीज पेन्शनचे खाते पाहणे, वीजबिल भरणे आणि संध्याकाळी कीर्तने ऐकणे एवढाच त्याचा उपयोग होतो.

त्यांच्या विकतच्या अँटिव्हायरसची मुदत या महिन्याच्या २८ तारखेला संपते आहे. ओळखीच्या दुकानदाराने तीन वर्षांची पेटी घेण्याचा आग्रह धरला आहे. पेटीवर छापील किंमत तीन हजारांच्या घरात आहे आणि तो ती साडेबाराशेला देतो म्हणतो, त्यामुळे माझा विश्वास वाढण्याऐवजी कमीच झाला. त्यातच गेल्या आठवड्यापासून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, ‘तुमच्या संगणकात ५ विषाणू सापडले आहेत, तुमचे संरक्षण संपले आहे’ अशा अर्थाच्या इंग्रजी सूचना दर दहा मिनिटांनी येऊ लागल्या आहेत. गंमत म्हणजे त्यांवर नाव आहे ते आमच्याकडे कधीच नसलेल्या दुसऱ्याच एका अँटिव्हायरसचे. वडील इतके धास्तावले आहेत की त्यांनी संगणक सुरू करणेच सोडले आहे आणि लिखाण थांबले आहे.

पैसे भरावेत का, भरायचे तर कोणत्या कंपनीला, आणि विंडोज १० चे काय करायचे, यावर जाणकारांनी कृपया आपला अनुभव लिहावा. मी स्वतः पुण्याला असतो आणि पुढच्या शनिवारी वाईला जाणार आहे.

पेचकस

सर्वांत आधी त्या कोपऱ्यातल्या सूचनांचा निकाल लावू, कारण वडील त्यांच्यामुळेच अडले आहेत. नाशिकला माझे संगणकदुरुस्तीचे दुकान आहे आणि आठवड्याला दोन-तीन संगणक तरी याच तक्रारीने येतात. हा बहुतेक वेळा विषाणू नसतोच. फुकटात गाणी, कीर्तने किंवा क्रिकेटचे सामने दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ अशी पाटी येते आणि भला माणूस ते दाबतो. त्या एका दाबण्याने त्या संकेतस्थळाला ब्राउझरमार्फत सूचना पाठवण्याचा कायमचा परवाना मिळतो. मग ते पान बंद असले तरी सूचना येत राहतात आणि त्या नेमक्या विंडोजच्या स्वतःच्या सूचनांच्या जागीच उमटत असल्यामुळे खऱ्या वाटतात. सूचनेवर बारीक अक्षरांत पाहा: तिथे ‘गूगल क्रोम’ असे लिहिलेले असते आणि जवळच एखाद्या विचित्र संकेतस्थळाचा पत्ता असतो. संगणकावर बसवलेल्या अँटिव्हायरसच्या सूचनेवर ब्राउझरचे नाव यायचे काही कारण नाही.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’ उघडावे, परवानगी मिळालेल्या पत्त्यांच्या यादीतले अनोळखी पत्ते काढून टाकावेत आणि कोणत्याच संकेतस्थळाला यापुढे विचारूच न देण्याचा पर्याय निवडावा. दोन मिनिटांचे काम आहे. फोनवर सांगूनही वडिलांकडून करून घेता येईल. अशा सूचनेवर क्लिक केल्यास बरेचदा त्या नामांकित कंपनीच्या खऱ्याखुऱ्या विक्रीपानावर नेले जाते, कारण मधल्या भामट्याला प्रत्येक विक्रीमागे दलाली मिळते. त्याहून वाईट प्रकारात पूर्ण पडदा व्यापणारे लाल-निळे पान उघडते, भोंगा वाजतो आणि ‘या क्रमांकावर फोन करा’ असे सांगितले जाते. तेव्हा एस्केपची कळ दाबून धरावी; त्याने न भागल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. फोन मात्र कदापि करू नये, कारण पलीकडचा माणूस दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर बसवायला लावतो आणि पुढे थेट बँकेच्या खात्यात शिरतो.

आता मूळ प्रश्न. माझे मत स्पष्ट आहे: अशा वापरासाठी विंडोजमधला डिफेंडर पुरेसा आहे. मायक्रोसॉफ्टने २००४ च्या अखेरीस जायंट नावाची एक कंपनी विकत घेतली आणि तिच्या हेरगिरीविरोधी सॉफ्टवेअरपासून हे उत्पादन उभे केले. पहिली काही वर्षे ते खरोखरच लेचेपेचे होते, आणि ‘डिफेंडर म्हणजे नावाला’ हा आमच्या धंद्यातला समज तेव्हाचा आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत तो पूर्ण अँटिव्हायरस झाला. त्यानंतरच्या वर्षांत त्याने टाकलेली मजल अनेक दुकानदार ग्राहकाला सांगत नाहीत, कारण पेटीवर मिळणारी सूट पाहता त्यांचे नुकसान कशात आहे हे उघडच आहे. मीही पेट्या विकतो, म्हणून हे लिहितो.

जमाखर्च

पेचकस यांच्या सूचनांविषयीच्या विवेचनाशी पूर्ण सहमत असलो तरी ‘डिफेंडर पुरेसा आहे’ या निष्कर्षाशी नाही. इचलकरंजीत माझे करसल्लागाराचे काम चालते. घरच्या आणि कार्यालयातल्या मिळून पाच संगणकांवर गेली बारा वर्षे मी विकतचा, भारतीय कंपनीचा अँटिव्हायरस वापरतो. त्याचे कारण स्वदेशीचा अभिमान हे नाही. आपल्याकडे धोका ज्या वाटेने येतो ती वाट या कंपन्यांनी फार आधी ओळखली, आणि ती वाट म्हणजे पेनड्राइव्ह.

झेरॉक्सच्या दुकानात आधारकार्डाची प्रत काढायला पेनड्राइव्ह दिला आणि घरी आणून लावला, की त्यातल्या सगळ्या फोल्डरांच्या चिन्हांवर खालच्या कोपऱ्यात लहानसा बाण दिसू लागतो. खरे फोल्डर लपवलेले असतात आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट मांडलेले असतात. आपण नेहमीच्या सवयीने डबल क्लिक करतो, फोल्डर उघडतोही, त्यामुळे काही बिघडले आहे अशी शंकाच येत नाही. पण त्या क्लिकसरशी आतला प्रोग्रॅमही चालू झालेला असतो. विंडोजने पेनड्राइव्ह लावताच आपोआप काहीही चालू होण्याची सोय २०११ पासून जुन्या आवृत्त्यांतही बंद केली, म्हणून तर या मंडळींनी माणसाच्या बोटावर भिस्त ठेवणारी ही युक्ती काढली. पेनड्राइव्ह लावताक्षणी ‘आधी तपासू का?’ असे विचारणारी खिडकी आमच्याकडच्या अँटिव्हायरसमध्ये येते आणि माझा सत्तरीचा कारकूनही ‘हो’ म्हणायला शिकला आहे.

दुसरा मुद्दा मदतीचा. पुण्याच्या क्विक हीलची सुरुवात काटकर बंधूंच्या कॅल्क्युलेटर-दुरुस्तीच्या व्यवसायातून झाली, हे अनेकांना ठाऊक असेल. १९९० च्या दशकात दुरुस्तीला आलेले संगणक विषाणूंनी ग्रासलेले असत आणि त्यांच्यासाठी लिहिलेल्या छोट्या उपायांतून पुढे उत्पादन उभे राहिले. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. पुण्याचाच नेट प्रोटेक्टर, चेन्नईचा के-सेव्हन, मुंबईचा ई-स्कॅन हे त्याच पिढीतले आहेत. अडचण आली की आपल्या भाषेत बोलणारा माणूस फोनवर मिळतो, गावात विक्रेता असतो. एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षकाला प्रयोगशाळेतल्या अर्ध्या टक्क्याच्या फरकापेक्षा हेच अधिक मोलाचे नाही का?

एल्बकाठचा

योगायोगाने मी जर्मनीत माग्देबुर्ग या गावी राहतो आणि अँटिव्हायरसच्या चाचण्या घेणारी ‘एव्ही-टेस्ट’ ही संस्था इथलीच आहे. दुसरी प्रसिद्ध संस्था, ‘एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज’, ऑस्ट्रियात इन्सब्रुकला आहे. दोघींचे निकाल त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट वाचता येतात. मात्र ते कसे वाचावेत यावर थोडे लिहितो, कारण जाहिरातीत त्यांचे पदक तेवढे दाखवतात.

एव्ही-टेस्ट संरक्षण, संगणकाचा वेग आणि वापरातील सोय या तीन गोष्टींना प्रत्येकी ६ असे एकूण १८ गुण देते. नावाजलेली बहुतेक उत्पादने १७ ते १८ च्या दरम्यानच असतात आणि डिफेंडरही गेली अनेक वर्षे त्याच ओळीत बसतो आहे. म्हणजे दहावीच्या निकालात सगळ्यांनाच नव्वदच्या वर गुण मिळावेत, तसा हा प्रकार आहे. त्यावरून पहिला-दुसरा ठरवण्यात अर्थ नाही. मी स्वतः दोन आकडे पाहतो. एक, खोटे इशारे किती दिले, कारण निरुपद्रवी फाइलवर सतत भुंकणारा पहारेकरी लोक शेवटी बांधूनच ठेवतात. दुसरा, जुन्या संगणकावर वेगात किती घट झाली. तुमच्या ४ जीबीच्या आणि हार्ड डिस्कच्या संगणकात हा आकडा संरक्षणाच्या आकड्यापेक्षा आधी पाहावा. इन्सब्रुकची संस्था इंटरनेट बंद असतानाची पकडही वेगळी मोजते आणि तिथे डिफेंडर काही स्पर्धकांच्या मागे पडत आला आहे, कारण त्याची बरीचशी हुशारी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते. वाईत इंटरनेट वारंवार जात असेल आणि त्याच वेळी पेनड्राइव्ह लावले जात असतील, तर जमाखर्च यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मला मान्य करावे लागेल.

फुकट मिळणाऱ्या अँटिव्हायरसबद्दल मात्र सावध करतो. अवास्टने वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत विकल्याचे उघड झाल्यावर २०२० मध्ये ती उपकंपनी बंद करण्यात आली, आणि त्याच प्रकरणी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. जे बसवायचे ते ‘कोणी पाहू नये’ म्हणून, आणि पाहणारा तोच! आता नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चारही नावे एकाच जेन डिजिटल या कंपनीची आहेत, तेव्हा यांच्यातून निवड करताना आपण चार दुकाने फिरलो असे समजू नये. कॅस्परस्की या रशियन अँटिव्हायरसच्या तांत्रिक दर्जाबद्दल फारशी शंका नव्हती. तरीही मार्च २०२२ मध्ये इथल्या सरकारी सुरक्षा संस्थेने त्याऐवजी दुसरे काही वापरण्याचा सल्ला दिला आणि २०२४ मध्ये अमेरिकेने त्याची विक्री व अपडेट दोन्ही बंद केली. राजकारण आपल्या दाराशी येत नाही असे वाटते, पण तीन वर्षांचे लायसन्स घेतलेल्या माणसाच्या दाराशी ते येते.

फडताळ

पैशांच्या बाजूने एक अनुभव लिहिते. मी दोन वर्षांपूर्वी एका परदेशी कंपनीचा अँटिव्हायरस सवलतीत, वर्षाला पाचशे रुपयांत घेतला होता. कार्डाचे तपशील दिले तेव्हा आपोआप नूतनीकरणाची खूण आधीच केलेली होती, ती माझ्या लक्षात आली नाही. दुसऱ्या वर्षी एकवीसशे रुपये कापले गेले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२१ पासून अशा आवर्ती वसुलीआधी किमान २४ तास बँकेने कळवावे लागते, आणि तसा संदेश आला होताही. पण १५ हजारांपर्यंतच्या रकमेला पुन्हा ओटीपी लागत नाही, त्यामुळे मी तो संदेश जाहिरात समजून सोडून दिला. त्या संदेशातच ही वसुली रद्द करण्याची सोय असते, हे नंतर कळले. कृष्णाकाठ, वडिलांच्या कार्डावर असे काही जोडलेले नाही ना, तेही शनिवारी पाहून घ्या. पेटीतले लायसन्स या बाबतीत बरे असते. मुदत संपली की संपले.

कृष्णाकाठ (धागाकर्ते)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल फोनवर सांगून वडिलांकडून सूचनांची परवानगी काढून टाकली. यादीत सात अनोळखी पत्ते निघाले! कोपरा आता शांत आहे आणि त्यांनी रात्री दोन पाने लिहिलीसुद्धा.

दोन शंका उरल्या आहेत. डिफेंडर आणि विकतचा अँटिव्हायरस असे दोन्ही ठेवले तर दुहेरी कुलूप होणार नाही का? आणि इतिहासाच्या कागदांचे स्कॅन पुन्हा मिळणे अशक्य आहे, कारण मूळ कागद ज्यांचे होते त्यांच्या घरी आता ते राहिलेले नाहीत. खंडणी मागणाऱ्या विषाणूपासून ही फाइल-संपत्ती नक्की कोण वाचवील?

पेचकस

दुहेरी कुलूप होत नाही. एकाच दाराला दोन वॉचमन बसवून ते एकमेकांची झडती घेऊ लागतात. दोघेही प्रत्येक फाइल उघडताक्षणी अडवून पाहतात, त्यामुळे जुना संगणक रांगू लागतो. विंडोजला हे ठाऊक असल्यामुळे बाहेरचा अँटिव्हायरस बसवला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो आणि तो काढला किंवा त्याची नोंद सुटली की परत उभा राहतो. मात्र मुदत संपलेला अँटिव्हायरस न काढता तसाच ठेवण्याची चूक करू नका. कित्येक घरांत मी असे पाहिले आहे की जुना धड काम करत नाही आणि डिफेंडरलाही जागा देत नाही. काढायचाच असेल तर नेहमीच्या पद्धतीने अनइन्स्टॉल करून झाल्यावर त्या कंपनीचेच सफाईचे छोटे साधन तिच्या संकेतस्थळावरून घेऊन चालवावे, म्हणजे मागे उरलेले तुकडे निघतात. नंतर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’वर हिरवी खूण आली आहे ना, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उठू नये. पहारेकरी जागा आहे का हे तपासायला आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल असते. सगळे अँटिव्हायरस ती संकेताने ओळखतात. ती सेव्ह करताच इशारा आला नाही, तर दाल में कुछ काला है असे समजावे.

खंडणीच्या विषाणूबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण घरगुती संगणकावर जे माझ्याकडे येते ते मोठ्या बातम्यांतले नसते. वॉनाक्रायची सगळ्यांना आठवण आहे. तो १२ मे २०१७ रोजी पसरला, आणि ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेले होते. तिथे अपडेट न केल्याची किंमत मोजावी लागली. माझ्या टेबलावर येणारा प्रकार बहुतेक वेळा ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाच्या घराण्यातला असतो. मुलगा फोटो संपादनाच्या महागड्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे ते पैसे न भरता चालवण्याची चोरटी फाइल, शोधतो, सोबतच्या चिठ्ठीत ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असे लिहिलेले असते आणि तो आज्ञाधारकपणे बंद करतो. मग विंडोज अपडेट चालू असल्यासारखी एक खोटी खिडकी दिसते. ती दिसत असताना मागे फाइली कुलूपबंद होत असतात, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक ‘रीडमी’ चिठ्ठी पडते: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क साधल्यास निम्मे. हा विषाणू प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा सुमारे १५० केबी भागच बिघडवतो, म्हणून मोठे व्हिडिओ कधीकधी दुरुस्त होतात. पण वर्डची फाइल किंवा लहान फोटो तेवढाच असतो, तो पूर्ण जातो. ऑगस्ट २०१९ पूर्वीच्या बऱ्याच प्रकारांवर एम्सिसॉफ्ट या कंपनीने फुकट उतारा दिला आहे. नंतरच्या प्रकारांत संगणक त्या वेळी इंटरनेटवर असेल तर बहुधा किल्ली गुन्हेगाराकडेच राहते. गेल्या दिवाळीत एका आजींच्या दिवंगत यजमानांचे सगळे फोटो असे गेलेले पाहिले. लायसन्स चालू होते, दोन वर्षे शिल्लक होते. नातवाने ते स्वतःच्या हाताने बंद केले होते, आणि अशा वेळी कोणती पेटी घेतली होती या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की साडेबाराशे रुपये पेटीला देण्यापूर्वी त्यात भर घालून १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी, त्यावर सर्व स्कॅन उतरवावेत आणि डिस्क काढून कपाटात ठेवावी. ‘काढून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कायम जोडलेली डिस्क विषाणू त्याच झपाट्यात कुलूपबंद करतो. दुसरी प्रत तुमच्याकडे पुण्यात असू द्या. डिफेंडर वापरणार असाल तर ‘मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ नावाचा खटका आहे. तो मुळात बंद असतो. चालू केल्यावर अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समध्ये काही बदलताच येत नाही. एक कटकट सांगून ठेवतो: जुनी मराठी टंकलेखनाची आणि स्कॅनरची सॉफ्टवेअरेही तो अडवतो, तेव्हा पहिल्या दिवशी शेजारी बसून त्यांना एकेक करून परवानगी द्यावी लागेल. बाहेरचा अँटिव्हायरस असल्यास हा खटका चालत नाही. मग त्या कंपनीची तशी सोय आहे का ते पाहावे.

जमाखर्च

प्रतीच्या मुद्द्यावर माझा काहीच विरोध नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः डिस्क लावतो आणि काढतो. परंतु पेचकस यांच्या गोष्टीत पहारेकऱ्याला झोपवणारा नातू आहे. वाईत नातू नाही, तिथे पेनड्राइव्ह आणि अनोळखी ईमेल आहेत. फाइलच्या नावाचे शेपूट (एक्स्टेन्शन, म्हणजे फाइल कोणत्या प्रकारची आहे ते सांगणारी शेवटची अक्षरे) दिसेल असे सेटिंग वडिलांच्या संगणकावर अवश्य करा. ‘लग्नपत्रिका पीडीएफ’ अशा नावाच्या पुढे लपलेले ‘ईएक्सई’, म्हणजे ती फाइल प्रत्यक्षात प्रोग्रॅम असल्याची खूण, त्यामुळे उघडे पडते. संशयास्पद फाइल व्हायरसटोटल या संकेतस्थळावर टाकून अनेक अँटिव्हायरसकडून एकाच वेळी तपासता येते, मात्र बँकेची विवरणे किंवा खाजगी कागद तिथे चढवू नयेत, कारण चढवलेली फाइल तिथल्या इतर सदस्य संस्थांना मिळू शकते. आमच्या एका अशिलाने त्याचे सबंध वर्षाचे विवरणपत्र चढवले होते.

सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही विषाणू काढण्याची फुकट साधने आहेत, ती भारतीय अँटिव्हायरस कंपन्यांनीच पुरवलेली आहेत. आणि पैसे गेलेच तर हाताशी असावा म्हणून, ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक वडिलांच्या फोनमध्ये आधीच साठवून ठेवावा. पहिल्या काही तासांत फोन झाला तर रक्कम वाटेतच गोठवता येण्याची शक्यता असते.

एल्बकाठचा

विंडोज १० चा प्रश्न राहूनच गेला. त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे नेहमीची सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. तुमचा २०१६ चा आय-थ्री विंडोज ११ च्या यादीत बसत नाही; तिथे इंटेलच्या प्रोसेसरची किमान आठवी पिढी लागते. घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळण्याची जी मुदतवाढ आहे तिच्यासाठी अपडेटच्या पानावरून नोंदणी करावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन करून सेटिंग्जची प्रत तिथे ठेवू दिल्यास ती फुकट मिळते. नाहीतर ३० डॉलर. डिफेंडरला विषाणूंची नवी माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत तरी मिळत राहील असे कंपनीने सांगितले आहे, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. खालची भिंत, म्हणजे खुद्द विंडोज, भेगाळत असताना दारावरचा पहारेकरी जागा आहे, एवढाच त्याचा अर्थ. कोणताही विकतचा अँटिव्हायरसही ही भिंत बांधून देत नाही, मग पेटीवर काहीही छापलेले असो.

तीन वर्षांची पेटी का नको, याचे खरे कारण मला हेच वाटते. हा संगणक तीन वर्षे टिकवायचा की नाही, हेच अजून ठरलेले नाही.

कृष्णाकाठ (धागाकर्ते)

शनिवारी वाईला जाऊन आलो, तो वृत्तांत लिहितो.

मुदतवाढीची नोंदणी झाली. वडिलांचे मायक्रोसॉफ्टचे खाते नव्हते, ते उघडण्यात तासभर गेला. जुना अँटिव्हायरस काढला, सफाईचे साधन चालवले आणि हिरवी खूण पाहूनच उठलो. पेनड्राइव्हच्या बाबतीत जमाखर्च यांचा मुद्दा मनात होता म्हणून वडिलांना विचारले, तर कळले की महिन्यातून दोनदा ते मजकूर छापून आणायला पेनड्राइव्ह नेतात. त्यावर वाद न घालता स्टेशनरीच्या दुकानातला सर्वांत स्वस्त पेनड्राइव्ह आणला आणि त्यावर लाल दोरा बांधला. हा फक्त बाहेर नेण्यासाठी. परत आला की उघडायचा नाही, उजवी कळ दाबून ‘फॉरमॅट’ करायचा. छापायला नेलेल्या मजकुराची मूळ प्रत संगणकात असतेच, तेव्हा काही बिघडत नाही. वडिलांनी ते वहीत लिहून घेतले.

हार्ड डिस्क घेतली. स्कॅन उतरवायला रात्रीचे साडेअकरा वाजले, कारण एकूण ४१ जीबी निघाले. त्यात एका फोल्डरचे नाव ‘नवीन फोल्डर (७)’ असे होते आणि आमच्या पणजोबांचे एकमेव पत्र त्यातच होते. डिस्क आता देवघराशेजारच्या लोखंडी कपाटात आहे. दुसरी प्रत माझ्याबरोबर पुण्याला आली.

‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू केल्यावर पेचकस यांनी सांगितल्याप्रमाणे स्कॅनर अडला, त्याला परवानगी दिली. मराठी टंकलेखनाचे जुने सॉफ्टवेअर मात्र परवानगी देऊनही फाइल साठवताना अजून कुरकुरते आहे; वडील तोवर मजकूर डेस्कटॉपवरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवत आहेत, पण डेस्कटॉपही त्या संरक्षणात येतो असे दिसते, कारण तिथेही कधीकधी तीच सूचना येते. सॉफ्टवेअर २००९ च्या सुमाराचे आहे. यावर कोणी उपाय केला असल्यास कृपया लिहावे.

पेचकस

डेस्कटॉप त्यात येतोच. सॉफ्टवेअरच्या मुख्य फाइलला परवानगी दिलीत, पण ही जुनी सॉफ्टवेअरे साठवण्याचे काम बहुधा त्याच फोल्डरमधल्या दुसऱ्याच एका लहान प्रोग्रॅमकडे सोपवतात. ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ उघडा. नेमके कोणाला अडवले त्याचे नाव तिथल्या शेवटच्या नोंदीत मिळेल. ते नाव इथे लिहा, मग पाहू.